खळीची परीक्षा

मालेगावच्या एका गल्लीत एका शेठचा चोवीस मागांचा कारखाना होता. वैशाखात शेठ हैराण झाले. ताण्याचा धागा सारखा तुटायचा, कारागीर माग थांबवून गाठ मारायचा, आणि पाळी संपेपर्यंत कापड कमीच भरायचं. कुणीतरी सांगितलं, अमुक सायझिंगवाल्याची खळ भारी आहे. शेठनी जादा पैसे मोजून तिकडून खळ लावलेल्या ताण्याचे बीम भरून आणायला सुरुवात केली. मृग लागेपर्यंत सगळ्या मागांवर नवे बीम चढले. तुटी घटल्या, डॅमेज कापडही कमी झालं. शेठनी वर्षभराचा सौदा करायचं ठरवलं.

कारखान्यातले मागांची देखभाल करणारे जॉबर चाचा म्हणाले, "शेठ, वैशाखात हवा कशी होती आणि आता कशी आहे?"

सुती धागा कोरड्या हवेत कडक होऊन तुटतो, दमट हवेत तग धरतो, हे मागावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पाऊस आणि नवी खळ एकदमच आले होते. श्रेय कुणाला द्यायचं?

"पण डॅमेज कमी झालंय ना, चाचा?"

"डॅमेजचे पैसे मजुरीतून कापणार, असं तुम्ही गेल्याच महिन्यात सांगितलंत. पोरं आता डोळ्यांत तेल घालून कापड बघतात. डॅमेज मोजून तुम्ही त्यांची भीती मोजताय, खळ नाही. मोजायचं तर तुटलेला धागा मोजा."

शेठना राग आला, पण सौदा मोठा होता. त्यांनी चाचांना महिनाभराची मुभा दिली.

चाचांनी प्रत्येक कारागिराच्या चार मागांच्या चिठ्ठ्या केल्या. ज्या दोन निघतील त्यांवर नवा बीम, उरलेल्या दोहोंवर जुना. शेठ म्हणत होते, नवा बीम चांगल्या मागांवर चढवा, पैसे जास्त पडलेत. चाचांनी ऐकलं नाही. चांगल्या मागावर चांगला बीम चढवला, तर गुण मागाचा की बीमचा हे कुणी सांगायचं? हात तोच, छप्पर तेच, दिवस तोच, फरक फक्त खळीचा. धागा तुटला की मागाच्या लोखंडावर खडूची एक रेघ. रेघा मोजायला शेजारच्या कारखान्यातला मुलगा येई. कुठल्या मागावर कुठला बीम, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम चाचांनी पहिल्याच दिवशी उरकलं. शेठना विचारलं, "किती तुटी कमी झाल्या म्हणजे जादा पैसे वसूल?" शेठनी आकडा सांगितला. चाचांनी तो वहीत लिहून खाली सही घेतली. निकाल दिसल्यावर आकडा ठरवला, तर माणूस आपल्याला हवा तोच ठरवतो.

महिन्यानं रेघांची बेरीज झाली. नव्या बीमवर तुटी थोड्या कमी होत्या, पण जुन्या बीमच्याच दोन मागांत एकमेकांशी तेवढा फरक पडत होता. वहीतला आकडा तर दूरच राहिला. शेठनी सौदा केला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दुपारी फरशीवर पाणी मारायला एक माणूस ठेवला.

ही गोष्ट कल्पित आहे, पण शेठचा प्रश्न मालेगावनं खरोखर अनुभवला आहे. एप्रिल 2020 मध्ये शहरात करोना भराभर पसरला, पुढे ओसरला, आणि त्याचं श्रेय मिळून मन्सुरा नावाचा काढा गावोगाव गाजला. लोकांनी श्रद्धेनं काढा घेतला, त्या श्रद्धेला मी हसणार नाही. पण काढा न घेतलेल्यांचं काय झालं? रुग्ण घटले, की तपासणीला जाणारे घटले? ओसरण्याची वेळ आपसूकच आली होती का? चिठ्ठ्या न टाकता यांची खात्रीची उत्तरं मिळणं कठीण असतं, आणि अशी परीक्षा न झाल्यानं चांगल्या औषधावरही अन्यायच होतो.

आपल्या देशात अशा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आहेत. 1956 साली मद्रासला क्षयाच्या रोग्यांपैकी कुणी घरी राहून औषध घ्यायचं आणि कुणी सॅनेटोरियममध्ये, हे चिठ्ठीच्याच न्यायानं ठरवलं गेलं. 1959 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. गरिबीतल्या घरांत, कमी अन्नावर राहिलेले रोगीही सॅनेटोरियममधल्यांच्या जवळपास बरोबरीनं बरे झाले होते. त्यानंतर क्षयाचे उपचार घरी राहून घेण्याची रीत जगभर रुजली.