तारू बुडू लागले, तर कोणी उतरावे?

गेल्या महिन्यात उज्जैन येथे एका घरी भरलेल्या प्रार्थनासभेत एका भगिनींनी विनंती मांडली. त्यांचा मुलगा एका विमान कंपनीत देखभाल खात्यात काम करतो. कंपनी अडचणीत आहे. पगार कधी एक महिना, कधी दोन महिने मागे पडतो. दुसरीकडे नोकरी मिळण्यासारखी आहे, पण पगार कमी. आणि सोडून गेलास तर थकलेले पैसे विसर, असे सोबतचे लोक त्याला सांगतात. वरिष्ठ म्हणतात, कठीण दिवसांत जो राहील तोच आपला. हे सर्व सांगून त्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, त्याची कंपनी तरावी म्हणून प्रार्थना करायची, की त्याने ती सोडावी म्हणून, हेच मला कळत नाही. मी रोज देवापुढे बसते आणि गप्प राहते."

त्या दिवशी कोणालाच नेमके उत्तर देता आले नाही. नेहमीच्या शब्दांत प्रार्थना झाली, चहा झाला आणि आम्ही घरोघर परतलो. परंतु त्या माउलीचे ते गप्प राहणे आमच्या मनातून जाईना. म्हणून हा प्रश्न आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्हा माळव्यातील लोकांना हा प्रश्न खरे पाहता नवा नाही. आगर रोडने जाणाऱ्या उज्जैनकरांना विनोद मिलची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. मागील शतकाच्या शेवटच्या दशकात उज्जैनची विनोद-विमल मिल बंद पडली आणि तिच्या कामगारांना हक्काच्या पैशांसाठी दोन दशकांहून अधिक काळ न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. शेजारच्या इंदूरची हुकुमचंद मिल १९९२ साली बंद झाली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी देण्यात आला. मध्ये एकतीस वर्षे गेली. ज्यांनी साचे चालवले त्यांपैकी कितीतरी जण तोवर हयात नव्हते. त्यांचा घाम विधवांच्या आणि मुलांच्या हाती कागदाच्या रूपाने पडला.

गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि पुढच्या पिढीची मुले विमानतळांवर नोकरीला लागली. विमानासाठी आम्हाला बहुधा इंदूर गाठावे लागते, आणि तेथून मुंबईला जाणाऱ्या पुष्कळांना जेट एअरवेजची विमाने आठवत असतील. ही कंपनी मुंबईत उभी राहिली. तिची विमाने ५ मे १९९३ पासून उडू लागली. एकेकाळी तिच्याजवळ सुमारे १२० विमाने होती. २०१८ च्या उत्तरार्धात पगार रखडू लागले. २०१९ च्या वसंतापर्यंत वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ अधिकारी यांचे तीन-तीन महिन्यांचे पगार थकले होते. वैमानिकांच्या संघटनेने १ एप्रिलपासून काम थांबवण्याचे ठरवले; मग ते १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकलले; ती तारीख येऊन ठेपली तेव्हा पुन्हा पुढे ढकलले आणि २० हजार नोकऱ्या वाचवा अशी विनवणी केली. बँकांनी तातडीचे पैसे दिले नाहीत. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईसाठी निघालेले विमान शेवटचे ठरले.

पुढे २०२१ साली नव्या मालकांची योजना मंजूर झाली, तेव्हा अनेकांनी पुन्हा आशा धरली. ती योजना तडीस गेली नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मालमत्ता विकून टाकण्याचा आदेश दिला. किंगफिशर २०१२ साली अशीच थांबली होती. गो फर्स्टची विमाने ३ मे २०२३ पासून उतरली ती उतरलीच. थोडक्यात, त्या भगिनींच्या मुलासारखे हजारो तरुण या देशात रात्री अंथरुणावर पडून हाच हिशेब करीत आले आहेत.

अशा वेळी आपल्या मंडळ्यांतून सल्ल्याचे दोन प्रकार ऐकू येतात. पहिला म्हणतो, "पोटापुरते पाहा. कंपनी तुझी कोण लागते? आज सोड." दुसरा म्हणतो, "ख्रिस्ती माणसाने निष्ठा सोडू नये. देवाने जेथे ठेवले तेथे राहावे." दुसरा सल्ला अधिक भक्तिपूर्ण वाटतो, आणि म्हणूनच तो आधी तपासून पाहिला पाहिजे. निष्ठा हा मोठा शब्द आहे. पण निष्ठा कोणाशी? कंपनीच्या नावाशी, की तिच्यात काम करणाऱ्या आणि तिच्यावर विसंबणाऱ्या माणसांशी?

पवित्र शास्त्रात बुडत्या तारवाची एक सविस्तर हकिकत आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौल बंदिवान म्हणून रोमकडे निघाला आहे. ऋतू धोक्याचा, म्हणून पुढे जाऊ नये असे तो सांगतो. परंतु शताधिपती पौलापेक्षा कप्तानाच्या आणि तारवाच्या मालकाच्या शब्दाला अधिक मान देतो. मंद दक्षिण वारा सुटतो आणि सर्वांना वाटते, साधले! मग वादळ गाठते. सामान समुद्रात टाकले जाते, तारवाचे साहित्यही टाकले जाते. आणि एक ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, वादळ सुरू झाल्यावर त्या मालकाचे नाव त्या अध्यायात पुन्हा येत नाही.

चौदाव्या रात्री खलाशी एक युक्ती करतात. पुढच्या बाजूने नांगर टाकायचे आहेत अशी बतावणी करून ते होडी पाण्यात सोडू लागतात. पौल शताधिपतीला सांगतो की हे लोक तारवात राहिले नाहीत तर बाकीच्यांचा बचाव होणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. एवढाच भाग वाचला तर वाटेल, शास्त्र म्हणते की कोणीही तारू सोडू नये. परंतु अध्याय तेथे संपत नाही. सकाळ होते, तारू रेतीत रुतते, मागचा भाग लाटांनी फुटू लागतो. तेव्हा हुकूम होतो की ज्यांना पोहता येते त्यांनी आधी उड्या टाकाव्या आणि बाकीच्यांनी फळ्यांवर व तुकड्यांवर बसून किनारा गाठावा. २७६ जण होते, सर्व वाचले.

तेव्हा रात्री तारू सोडणे दोष ठरले आणि सकाळी तेच आज्ञा ठरले. हे कसे? आम्हांस तीन कारणे दिसतात.

पहिले, रात्री खलाशांच्या हाती इतरांचे प्राण होते. तारू हाकण्याची विद्या फक्त त्यांनाच होती. जो विमानाची देखभाल करतो त्याचेही असेच असते. विमान उडण्यास योग्य आहे अशी सही झाल्याशिवाय ते उडत नाही, आणि त्या सहीवर दीडशे-दोनशे माणसे डोळे मिटून बसतात. म्हणून राहायचे असेल तर पूर्ण मनाने राहिले पाहिजे. पगार नाही म्हणून तपासणी अर्धी करणे हे राहूनही होडी सोडण्यासारखेच आहे. उलट, पैसे वाचवण्यासाठी कोणी चुकीची सही मागू लागले, तर त्या दिवशी सही नाकारणे हीच प्रवाशांशी निष्ठा. आणि त्यापायी नोकरी जात असेल तर ती जाऊ द्यावी.

दुसरे, खलाशी खोटे बोलून जात होते. जाण्यापेक्षा बतावणी अधिक वाईट होती. २०२३ साली अकासा एअर या कंपनीने न्यायालयात तक्रार केली की ४३ वैमानिक ठरलेली मुदत न पाळता निघून गेले. त्या दिवसांत तिची शेकडो उड्डाणे रद्द झाली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे कप्तानाने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी सूचना द्यावी लागते. ही मुदत जाचक आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. परंतु जाणाऱ्याने सांगून जावे, हाताखालच्या माणसाला काम समजावून जावे, आपल्या जागी कोण उभे राहील याची काळजी करून जावे, हे कोणत्याही मुदतीशिवाय खरे आहे.

तिसरे, सकाळी तारू फुटले होते आणि ते फुटले हे सर्वांना दिसत होते. मोडलेल्या लाकडाला कवटाळून बसणे म्हणजे विश्वास नव्हे. आमच्यापैकी कित्येक जण भीतीला विश्वास असे नाव देतात. नव्या जागी जमेल का, वय झाले, लोक काय म्हणतील, ही खरी कारणे असतात, आणि तोंडाने मात्र "देवाने येथे ठेवले आहे" असे म्हटले जाते. जो राहतो त्याने स्वतःला विचारावे: मी कोणासाठी राहिलो आहे? त्या माणसांची नावे सांगता येत असतील तर राहणे योग्य असू शकते. सांगता येत नसतील तर फळी शोधावी.

येथे काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, कारण अज्ञानामुळे पुष्कळ जण अडकून पडतात. सोडून गेलास तर थकलेला पगार बुडेल, हे खरे नाही. केलेल्या कामाचा पगार राजीनाम्याने नाहीसा होत नाही. प्रॉव्हिडंट फंड ही वेगळी ठेव आहे; दरमहा पैसे खरोखर भरले जातात की नाही, हे पासबुकात आजच पाहावे. कायम नोकरदाराला साधारणपणे सलग पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. कंपनी मोडीत निघालीच, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे कामगारांचे मागील २४ महिन्यांचे देणे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरले जाते आणि इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे त्यानंतर. पण हक्क असणे आणि पैसे हाती पडणे यांत किती अंतर असते, हे हुकुमचंद मिलने आपल्याला शिकवले आहे. म्हणून पगाराच्या पावत्या, नेमणुकीचे पत्र, थकबाकीचा पत्रव्यवहार सांभाळून ठेवावा आणि केवळ थकलेल्या पैशांच्या आशेवर आणखी थकबाकी वाढवू नये.

आणि निष्ठेचा उपदेश नेहमी नोकरालाच का? मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, कारण तो गरीब असतो आणि त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि तिची हाक देवाच्या कानी पोहोचते. जो मालक किंवा व्यवस्थापक महिनोन्‌महिने पगार देत नाही, तरी खरी परिस्थिती लपवून "थोडे थांबा, सर्व ठीक होईल" असे सांगतो, त्याला त्यागाची मागणी करण्याचा अधिकार उरत नाही. आपल्या मंडळ्यांतही दुकाने, शाळा, दवाखाने चालवणारे बंधू आहेत. अडचण आली तर हिशेब उघडा करून माणसांना सांगावे आणि त्यांना वेळेवर मोकळे करावे. हे कठीण आहे, पण प्रामाणिक आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मोठ्या मुलांच्या वर्गात हा अध्याय वादळाच्या गोष्टीवरच थांबवू नये. खलाशी चुकले कोठे, आणि पोहणारे आधी गेले ते का चुकले नाहीत, हे मुलांनाच विचारावे. उद्या हीच मुले नोकरीच्या रांगेत उभी राहणार आहेत.

आणि मंडळीने काय करावे? त्या सकाळी लोक फळ्यांवर तरले. मेलिता बेटावरच्या अनोळखी लोकांनी पावसात त्यांच्यासाठी शेकोटी पेटवली. नोकरी गेलेल्या कुटुंबाला तीन महिन्यांची शाळेची फी, किराणा, एखाद्या जागेची खबर, अर्ज लिहून देणारा एखादा निवृत्त बंधू, या आमच्या फळ्या. उपासनेनंतर "काही झाले का?" असे चारचौघांत विचारून त्या तरुणाला ओशाळे करण्यापेक्षा संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसणे बरे.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे. देवाच्या दूताने पौलाला जे सांगितले त्यात तारवाविषयी एकही अभिवचन नव्हते. तारू जाणार होते, हे स्पष्ट होते. अभिवचन होते ते माणसांविषयी, आणि तेही पौलाच्या एकट्याविषयी नव्हे, त्याच्याबरोबर असलेल्या सर्वांविषयी. तेव्हा, बाई, कंपनी तरावी की सुटावी हे आज ठरवून देवाला सांगण्याची गरज नाही. मुलासाठी मागा की त्याला वेळ ओळखता यावी. राहील तोवर त्याची सही खरी राहावी. जाईल तेव्हा सांगून, ताठ मानेने जावा. आणि त्याच्या खात्यातल्या सर्वांसाठी मागा. पुढच्या सभेत हीच प्रार्थना आम्ही तुमच्याबरोबर करू.