एका अनुस्वाराचं अंतर

पुण्यानं एकोणिसाव्या शतकात गणिताचे दोन नामांकित प्राध्यापक पाहिले. एकाच्या नावात केर होता, दुसऱ्याच्या नावात धोंडा. पहिले केरो लक्ष्मण छत्रे, डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे. त्यांचं मूळ नाव विनायक, पण इतिहासात ते केरूनाना म्हणूनच राहिले. दुसरे धोंडो केशव कर्वे. 1891 पासून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. पुढे महर्षी झाले, 1958 साली भारतरत्न झाले. केर आणि धोंडा या दोन्ही वस्तू माणूस घराबाहेर टाकतो. तरी या दोघांची नावं घेताना मराठी माणसाच्या ओठांवर हसू येत नाही. एकाच्या मागे ‘नाना’ लागलेलं असतं, दुसऱ्याला सगळे ‘अण्णा’ म्हणत आलेले असतात.

मराठीत बाळाचं नाव ठेवतात आणि शेजाऱ्याला नावं ठेवतात. दोन क्रियांमध्ये एका अनुस्वाराचं अंतर आहे. बारशाला पहिली क्रिया आत्या करते, दुसरी पाहुणे करतात, घुगऱ्या खाऊन घरी परतताना. जगावेगळ्या नावाच्या माणसाचा सगळा जन्म या दोन क्रियांच्या मधल्या जागेत जातो.

मुळात अशी नावं जगावेगळी नव्हतीच. ज्या काळात पाळणे भरत आणि रिकामे होत, त्या काळात ती घरोघरी होती. दगडू, धोंडू, केरबा, कचरू, उकिरडा, भिकू, भिकाजी. आधीची मुलं गेलेली असली की नव्यानं झालेल्या मुलाला आई क्षणभर उकिरड्यावर ठेवी, दुसरी बाई ते उचली आणि मूठभर धान्याच्या बदल्यात परत देई. मूल आता विकत घेतलेलं, भिकेत मिळालेलं. त्यावर डोळा ठेवण्यासारखं काही नाही. मुलगा असेल तर त्याचं नाक टोचून त्याला मुलीसारखं वाढवायचं, म्हणून नथू. गांधीजींच्या मारेकऱ्याचं मूळ नाव रामचंद्र. आधीचे भाऊ दगावले म्हणून त्याला नथ घातली आणि तो नथुराम झाला. ही युक्ती केवळ इथलीच नाही. चीनच्या खेड्यांत मुलाला ‘कुत्र्यानंही टाकलेला’ अशा अर्थाचं नाव ठेवत, तेही याच हिशेबानं.

थोडक्यात, दगडू हे नाव दगडूसाठी नसतं. तो मृत्यूला धाडलेला निरोप असतो: इथे काही नाही, पुढच्या घरी जा. निरोप खोटा असतो आणि त्या खोटेपणात माया असते. पंचाईत अशी की मृत्यू फसून निघून गेला तरी नाव मागे उरतं. मूल वाढतं, शाळेत जातं, आणि तो निरोप आता वर्ग ऐकतो. वर्गाला त्यामागची आई दिसत नाही, नुसता दगड ऐकू येतो.

आणि हा दगड सगळ्यांना सारखा लागत नाही. मराठीत नावाला प्रत्यय लावून माणसाची उंची मोजायची जुनी सोय आहे. एकच कोंडा वरच्या आळीत कोंडोपंत होतो, मधल्या आळीत कोंडाजी किंवा कोंडिबा, आणि गावकुसाबाहेर कोंड्या. राव, पंत, जी, बा, या. पाच प्रत्ययांत गावाचा नकाशा बसतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर नियमच आहे: ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं जुगुप्सा वाटेल असं. गावानं ग्रंथ वाचलेला असो वा नसो, ‘या’ प्रत्ययानं ते काम चोख केलं. धोंडोपंत आणि धोंड्या यांतला धोंडा एकच आहे. फरक हाक मारणाऱ्याच्या तोंडात आहे.

दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 साली आलं तेव्हा मराठी वाचकाला त्या फरकाची किंमत कळली. पुस्तकाची रचनाच नावावर उभी आहे. शहरात नोकरी करणारा, कविता लिहिणारा दया पवार आणि नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. दगडू सांगतो, दया ऐकतो. दोघं एकच. आत्मकथा लिहिताना माणूस स्वतःच्या जुन्या नावाला साक्षीदार म्हणून बोलावतो, असं मराठीत क्वचितच झालं असेल. दगडूचा दया होणं ही साहित्यिकाची टोपणनावाची हौस नव्हती. केरूनाना केरूनानाच राहू शकले, कारण नाव ऐकणाऱ्यांनी ते आधीच माफ केलेलं होतं. दगडूला ती माफी मिळणार नव्हती.

सिनेमावाल्यांना हे गणित पाठ आहे. 2014 च्या ‘टाइमपास’मध्ये मुलाचं नाव दगडू आणि मुलीचं प्राजक्ता. दोन नावं ऐकली की दोन्ही घरांचे पत्ते कळतात. दिग्दर्शकाला वेगळं काही सांगावं लागत नाही. नागराज मंजुळ्यांच्या ‘फँड्री’तला जब्या म्हणजे जांबुवंत कचरू माने. पुराणातलं भारदस्त नाव, मध्ये बापाचा कचरा. त्यांच्याच आधीच्या लघुपटातल्या शाळेची ओढ लागलेल्या पारधी पोराचं नाव पिस्तुल्या. 1952 पर्यंत टिकलेल्या 1871 च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यातल्या मुलाचं नाव हजेरीपटावर चढतं तेव्हा मास्तरांच्या भुवया नावाआधी इतिहासानं वर गेलेल्या असतात.

उलट दिशेची उदाहरणंही आहेत, आणि ती जास्त गमतीची. मुंबईत गुजराती-पारशी घरांतून कोकणातल्या घरगड्याला सरसकट ‘रामा’ म्हणत. ज्या नावानं मराठी माणूस एकमेकांना नमस्कार करतो, ते तिथे कामाचं पद झालं. 1975 साली दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ आला. तेव्हापासून पोलिसाला मागून ‘पांडू’ म्हणणाऱ्यांनी पंढरपूरच्या पांडुरंगाची जरा अडचणच केली. आणि ज्ञानेश्वर? महाराष्ट्रात याहून साधं, याहून घरचं नाव नाही. पण हा ज्ञानेश्वर बंगळुरूच्या कंपनीत रुजू झाला की रोमन लिपीतली त्याच्या नावाची पहिली तीन अक्षरं, डी-एन-वाय, पाहून फोनवरची मुलगी थबकते. ती ‘डन्या’ म्हणते, किंवा ‘सर’ म्हणून सुटका करून घेते. हिंदीभाषकांचा ‘ग्यानेश्वर’ वेगळा, संस्कृतातला ‘ज्ञ’ आणखी वेगळा. सातशे वर्षं जुनं नाव राज्याची हद्द ओलांडली की विचित्र होतं. नाव बदललेलं नसतं, कान बदललेले असतात.

कानांच्या या सवयीचा हिशेब कुणी मांडला आहे का? मांडला आहे. 2004 साली बर्ट्रंड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे 5000 बनावट अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी: काही गोऱ्यांची वाटतील अशी, काही काळ्यांची. गोऱ्या नावांना मुलाखतीची बोलावणी सुमारे 50 टक्के जास्त आली. आपल्याकडे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना असेच अर्ज धाडून पाहिले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. या प्रयोगात आडनावांचा भार मोठा होता हे खरं. पण अर्ज उघडणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं, आणि तेवढंच पुरतं.

दगडूच्या नावातला खोटा निरोप मायेचा होता. त्याच घडणीचं एक नाव आहे, ज्यात खोटं काहीच नाही.

22 ऑक्टोबर 2011. दिवाळी तोंडावर आली होती. साताऱ्यात 285 मुली जमल्या होत्या, चापूनचोपून वेण्या घातलेल्या, ठेवणीतले कपडे घातलेल्या. या सगळ्यांची नावं नकुशा, नकोशी, नकुसा अशीच होती. जिल्हा प्रशासनानं गावोगावी शोध घेऊन त्यांची यादी केली होती. त्या दिवशी प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलांचा छोटा गुच्छ मिळाला. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. त्याच वर्षीच्या जनगणनेनं महाराष्ट्राची मान खाली घातली होती: सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली.

नकुशा हे नाव ठेवताना घरच्यांचा हेतू मुलीला दुखवण्याचा नसे, असं सांगितलं जातं. खरंही असेल. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकुशा ठेवायचं, म्हणजे देवाला कळतं आणि पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. म्हणजे हाही निरोपच. पण दगडूचा निरोप दगडूला वाचवण्यासाठी होता, नकुशाचा निरोप अजून न जन्मलेल्या भावासाठी. तिच्या नावात ती स्वतः कुठेच नव्हती. ती फक्त जासूद.

हा निरोप रोज मोठ्यानं वाचला जाई. शाळेत बाई हजेरीपट उघडत आणि पुकारत: नकुशा? मुलीनं उठून म्हणायचं: हजर. वर्षाला दोनशे दिवस धरले तरी दहावीपर्यंत दोन हजार वेळा. बाईंचा काही दोष नाही, त्या यादी वाचत होत्या. वर्गातल्या पोरांना तर अर्थ शोधायला शब्दकोश लागत नव्हता.

हे केवळ साताऱ्याचं पाप नव्हे. तमिळनाडूत ‘वेंडाम’, म्हणजे नको. हरियाणात ‘भतेरी’, म्हणजे पुष्कळ झाल्या. भाषा बदलते, पत्ता तोच. 2009 साली एका हिंदी वाहिनीवर तर ‘नकुशा’ नावाची मराठी नायिकाच आली आणि घराघरांत गेली. मनोरंजनाला नावाचं वावडं नसतं.

नामांतराच्या त्या सोहळ्यावर टीका करणं सोपं आहे. प्रमाणपत्रानं सासर बदलत नाही, सोनोग्राफीचं यंत्र बदलत नाही. पण टीकाकारांनी एक गोष्ट पाहावी. महाराष्ट्रात बाईचं नाव बदलणं नवं नव्हतं. बाईच्या बाजूनं बदलणं नवं होतं. पिढ्यान्‌पिढ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव रेखलं गेलं आणि कालची मुलगी आज दुसऱ्याच नावाला ओ देऊ लागली. यमुना जोशांच्या घरी आनंदी झाली आणि डॉक्टर होऊन अमेरिकेहून परतली ती आनंदीबाई म्हणूनच. गोदूबाई धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाल्या. 1948 साली डॉ. शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या. बाबासाहेब त्यांना हाक मात्र ‘शारू’च मारत. गंमत पाहा: धोंडोंचं नाव शंभर वर्षं जसंच्या तसं राहिलं, नाव बदललं ते गोदूचं. जुन्या काळातल्या नकुशांना हीच रूढी कधीकधी सुटकेची खिडकीही ठरली असेल. सासरी गेल्यावर निदान ताटातलं नाव तरी दुसरं.

आता वारं फिरलं आहे. पूर्वी नाव मुद्दाम वाईट ठेवत, म्हणजे कुणाची नजर जाऊ नये. आता मुद्दाम असं ठेवतात की नजर गेलीच पाहिजे. रेयांश, कियान, विवान, मायरा. जुळणारं दुसरं नाव सोसायटीत नको, शाळेत नको, जमल्यास गूगलवरही नको. आजी विचारते, “अर्थ काय रे याचा?” आणि बाप मोबाइल काढतो. आजीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण तिच्याही पिढीनं हेच ऐकलेलं आहे. रमेश तेंडुलकरांनी 1973 साली धाकट्याचं नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून सचिन ठेवलं, तेव्हा ते बंगाली वळणाचं नाव होतं. वीस वर्षांत गल्लीत तीन-तीन सचिन झाले. मिलिंद तर मुळात ग्रीक. मिनँडर नावाचा राजा पाली ग्रंथात मिलिंद झाला. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला त्याचं नाव दिलं आणि आंबेडकरी वस्त्यांत मिलिंद, नागसेन, संघमित्रा वाढले. नागसेन म्हटलं की ऐकणारा आजही मनातल्या मनात आडनाव शोधतो. मिलिंद मात्र सदाशिव पेठेतही निर्धास्त नांदतो. एकाच ग्रंथातून आलेले दोन मित्र, राजा सगळीकडे गेला आणि भिक्षूला ओळखपत्र विचारलं जातं.

सरकारदरबारीही नावाची मांडणी बदलते आहे. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्यानं सक्तीचा केला. म्हणजे येत्या काही वर्षांत शाळेच्या हजेरीत एखादा कियान उठेल आणि त्याच्या नावामागे आई येईल. साताऱ्यात त्या दिवशी नाव बदललेल्या कित्येक मुली आता आई होण्याच्या वयाच्या आहेत.

ज्यांना सोहळा मिळाला नाही, त्यांना राजपत्राचा रस्ता आहे. अर्ज, फी, पुरावे, फोटो. मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात बारीक टायपात चार ओळी. बँक, पासपोर्ट, शाळेचा दाखला, सगळे पुढे याच ओळींकडे बोट दाखवतात. नमुना ठरलेला आहे आणि त्यात सवलत नाही: आधी जुनं नाव छापायचं, मग नवं.