प्रकाश कोठे पाडावा?

जबलपुरातील चेरीतालच्या आमच्या घरी सध्या टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक, या परिसरातील एका बोलीत आम्ही केलेल्या नव्या कराराच्या भाषांतराची, दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते. दुसरी, चित्रपट दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचे आत्मचरित्र, 'शांतारामा'.

हे शीर्षक म्हणजे संबोधन आहे, ही गोष्ट भाषांतरकाराच्या नजरेतून सुटत नाही. ज्यांनी १९२९ साली सहकाऱ्यांसह कोल्हापुरात 'प्रभात' उभारली, १९४२ मध्ये ती सोडून 'राजकमल'चा संसार मांडला, ते उतारवयात जणू स्वतःलाच हाक मारीत आहेत. स्तोत्रकर्ताही आपल्या जिवाशी बोलतो. परंतु तेथे ऐकणारा देव असतो. आत्मचरित्र ऐकणारा कोण? बहुधा वाचकच, आणि तो तर गौरव करावयासच आलेला असतो.

'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संस्थेनेही त्यास पारितोषिक दिले. सहा खुनी कैद्यांना जेलरचे दोन डोळे सन्मार्गावर ठेवतात. तो जेलर शांतारामांनी स्वतःच रंगविला. पण दिग्दर्शकावर कोणाचे डोळे असतात? प्रकाश कोठे पाडावा आणि काय अंधारात राहू द्यावे, हे तर तोच ठरवितो. 'कुंकू' (१९३७) मध्ये फसवून वृद्धाच्या गळ्यात बांधलेल्या तरुणीच्या मुखावर त्यांनी निर्भयपणे प्रकाश पाडला. त्यांचे स्वतःचे तीन विवाह झाले. त्या घरांतील स्त्रियांनी लेखणी उचलली असती, तर ते पुस्तक निराळे झाले असते, इतकेच म्हणतो. यात त्यांना आरोपी करण्याचा हेतू नाही.

कारण एखाद्या वृत्तांतातील प्रत्येक वाक्य खरे असूनही सगळा वृत्तांत खोटा ठरू शकतो काय, हा प्रश्न पवित्र शास्त्रातच उभा आहे. १ इतिहास, अध्याय २० काढून पाहा. दावीद यरुशलेमेत राहिला, राब्बा नगर पडले, मुकुट मिळाला. सारे खरे. मात्र २ शमुवेल ११ मधील बथशेबा आणि उरीया तेथे नाहीत. शतकांनंतर मत्तयाने वंशावळ लिहिली, तेव्हा त्या स्त्रीचे नाव न घेता उरीयाचे घेतले. मारला गेलेला माणूस त्याने पुन्हा ओळीत आणून बसविला.

आता टेबलावरील मुद्रितांविषयी. क्षमेसाठी आम्ही प्रथम 'माफी' योजले होते. शेजारच्या खेड्यातून येणारी एक वृद्धा आमचे वाचन ऐकत असे. ती म्हणाली, "माफी तर सारा माफ झाल्याची. मनातलं सोडून द्यायचं त्याला आम्ही दुसरंच म्हणतो." तिने सांगितलेला शब्द मूळ ग्रीकच्या इतका जवळ होता, की मी चकित झालो, तेथेही क्षमा करणे आणि सोडून देणे यांस एकच क्रियापद आहे. तो शब्द छापला गेला. तो 'कसा सापडला' हे मी अनेक सभांतून सांगितले. ग्रीकचे सांगितले, दीर्घ चिंतनाचे सांगितले. खोटे एकही वाक्य नव्हते.

यंदा प्रस्तावनेत तिचे नाव घालावे म्हणून लेखणी हाती घेतली, तेव्हा ध्यानात आले की ते मला ठाऊकच नाही. आम्ही सारे तिला 'मावशी' म्हणत असू.