पायरी कोणी उंच केली?

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटीचे तिकीट लागत नाही. पासष्टीनंतर अर्धे तिकीट आहेच. चंद्रपूरहून मूलला, गडचिरोलीहून आरमोरीला जाणाऱ्या गाडीत पांढऱ्या केसांची गर्दी दिसली की बरे वाटते. पण ती माणसे गाडीत चढतात कशी, तेही एकदा थांबून पाहावे. काठी आधी कोणाच्या तरी हाती द्यायची, दांडा धरायचा, गुडघ्याला लागणाऱ्या पायरीवर पाय टाकायचा आणि मागून नातवाने रेटा द्यायचा. प्रवास फुकट आहे, चढायचे मात्र ज्याचे त्याने बघायचे.

आपल्या वस्त्यांचेही असेच झाले आहे. गल्लीत सिमेंटचा रस्ता येतो तो जुना न खोदता, त्याच्याच डोक्यावर. रस्ता वीतभर वर आला की पावसाचे पाणी घरात शिरू नये म्हणून घरमालक ओटा उचलतो. दोन पायऱ्यांच्या चार होतात आणि खालची पायरी नालीवर येऊन बसते. स्कुटी आत घ्यायला मग तो सिमेंटचा उतारही ओततो. फूटभर चढायला बारा फूट लांब उतार असावा, असे बांधकामातले प्रमाण आहे. आपल्याकडे तीन फुटांत उरकतात. स्कुटीला तेवढा पुरतो. त्याच घरातली आजी मात्र त्या उताराला हात न लावता कडेच्या पायऱ्या एकेक करून उतरते, आणि पुढे तिला शेजाऱ्याचा तसाच उतार आडवा येतो. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. हे माप आपल्या गल्लीत लावायला जागाच उरलेली नाही, कारण ती आपण प्रत्येकाने थोडीथोडी घरात घेतली आहे.

यात सरकारचा दोष आहेच. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम झाल्यापासून पाच वर्षे दिली होती, आणि नियम झाले २०१७ मध्ये. मुदत केव्हाच टळली. पण त्या कायद्यात आपली आजी स्वतःला बसवतच नाही. गुडघा दुखतो, डोळ्याला संध्याकाळी कमी दिसते, एवढ्यावरून ती स्वतःला अपंग म्हणणार नाही, अर्ज तर त्याहून करणार नाही. म्हातारे माणूस तक्रार करत नाही, ते जाणे बंद करते. आधी बाजार सुटतो, मग देऊळ, मग दोन घरे पलीकडची मैत्रीण. बाजारात जायचे असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी कमी पिणाऱ्या बायका आपल्या घरोघरी आहेत, कारण वाटेत जाण्याजोगे स्वच्छतागृह नाही. आणि चंद्रपूरचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर! त्या उन्हात पाणी टाळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

मग घरातले आपण पाहुण्यांना सांगतो, ‘आता त्यांना बाहेर नकोच वाटते.’ माझी खरी अडचण या वाक्याशी आहे. आपण वाट बंद केली आणि त्याला त्यांची इच्छा म्हटले. त्यात लबाडी आहे, पण मायेच्या सुरात बोललेली असल्यामुळे ती कोणाला टोचत नाही.

माणसे का येत नाहीत, हा प्रश्न याच मुलखात एकदा वेगळ्या रीतीने विचारला गेला होता. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या आपल्या आरोग्यसंस्थेचे काम सुरू केले, तेव्हा आदिवासी दवाखान्याकडे फिरकत नसत. त्यांना औषध नकोच आहे, असे म्हणून हात झटकता आले असते. बंगांनी लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात आणि पांढऱ्यात तर आम्ही मढे गुंडाळतो, असे उत्तर मिळाले. मग संस्थेच्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वृद्धांना सोयीच्या शहरांसाठी मार्गदर्शिका काढली, तीही तेहतीस शहरांतल्या म्हाताऱ्यांना विचारून. त्यांत दिल्ली आणि उदयपूर होते. तिथेही बोलणे निघाले ते पदपथांचे, बसायच्या बाकांचे आणि स्वच्छतागृहांचे.

आणि शरीर अडले म्हणजे बाहेर पडायची इच्छा संपते, असेही नाही. वरोऱ्याच्या बाबा आमट्यांना पाठीच्या मणक्यांमुळे बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे. तरी सत्तरीत, १९८५ साली ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले, बसमध्ये केलेल्या बिछान्यावर पडून. आता तुम्ही घरीच राहा, असे त्यांना सांगणारे कोणी नसेल असे नाही.

आपल्या चंद्रपूर महापालिकेने फार मोठे काही करू नये. जटपुरा दरवाजापासून गांधी चौकापर्यंतच्या रस्त्यावर अभियंत्याने पंचाहत्तरीतल्या दोन-तीन बायांबरोबर एकदा पायी चालावे, मे महिन्यात, सकाळी अकरा वाजता. त्यांच्या चालीने. त्या कुठे थांबतात, कशाला धरतात, सावलीसाठी कोणत्या दुकानात शिरतात आणि रस्ता ओलांडायला किती गाड्या जाऊ देतात, एवढे वहीत टिपावे. गडचिरोलीत इंदिरा गांधी चौकात हेच करता येईल. बाक, सावलीचे झाड आणि स्वच्छतागृह यांच्या जागा त्या वहीतून आपोआप ठरतील. खर्चाला बहुधा कोणी अडवणार नाही.

अडेल ते दुकाने आणि घरे आपल्या पायऱ्या मागे घ्यायची वेळ येईल तेव्हा. पहिला फोन नगरसेवकाला जाईल. फोन करणाऱ्याच्या घरीही, वरच्या मजल्यावर, कोणी तरी असेल ज्यांना आता बाहेर नकोच वाटते.