मूड आणि भाव

मनाला जुळणारे गाणे शोधून देणे हे स्पॉटिफाय, जिओसावन यांसारख्या सेवांचे एक मोठे आकर्षण आहे. ‘आनंदी’, ‘उदास’, ‘झोपेसाठी’ अशा याद्या तयारच असतात. त्यांच्यामागे गाण्याची मोजणी असते: लय किती जलद, आवाज किती चढा, सूर प्रसन्न की खिन्न. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावना दोन अक्षांवर मांडल्या, सुखद-असुखद आणि उत्तेजित-शांत. ही मोजणी साधारण त्याच चौकटीत बसते. मन आधी ठरलेले, गाणे त्याच्या मागून जाणारे. धर्मविचाराला खटकते ते हेच.

‘मूड’चा अर्थ मराठीत ‘भाव’ असा करू गेले तर गोष्टच बदलते. मूड येतो-जातो, भाव धरावा लागतो. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बालपणीच अंध झाले. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या आणि कृष्णाची पत्नी मानत आणि त्या नात्याला साजेशी स्त्रीची लेणीही अंगावर वागवत. लोकांना हे चमत्कारिक वाटले असेल, पण ती लहर नव्हती; उभा जन्म त्या एका भावाला बांधलेला होता. मधुराद्वैत या त्यांच्या तत्त्वविचारात अद्वैत मानूनही हे नाते सुटत नाही.

त्याच जिल्ह्यात यावलीला जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या ठेक्यावर गावेच्या गावे जागवली. मोझरीच्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमात आणि गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. तिथे कोणाला मन कसे आहे असे विचारत नाहीत. कापूस मातीमोल गेलेला शेतकरी आणि नुकतेच लग्न ठरलेला पोरगा शेजारी बसून एकच पद म्हणतात. गाण्याने मनापाशी यायचे नसते, मनाने गाण्यापाशी जायचे असते.

पण म्हणून उदासपणी उदास गाणे ऐकणे हीन ठरत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात शोक हा करुण रसाचा स्थायिभाव आहे. म्हणजे रसाचा कच्चा माल तो उदासपणाच. रसाचा विचार करणाऱ्या भट्टनायकाने सुचवलेली साधारणीकरणाची कल्पना सांगते की कलेत शोक ‘माझा’ उरत नाही, म्हणूनच तो आस्वाद्य होतो. अकोल्यात कानात इअरफोन घालून एकट्याने बसलेल्यालाही हे घडू शकते. त्यासाठी टाळ-मृदंगच हवेत असे नाही. अडचण दुसरीकडे आहे: नको वाटलेले गाणे बोटाने पुढे सरकवता येते, आणि सेवाही ते सरकवणे ध्यानात ठेवून पुढच्या वेळी अधिक ‘आपले’ गाणे देते. ‘माझे’पण विरघळण्याऐवजी घट्ट होत जाते.

तुकडोजींची भजने आता या सेवांवरही मिळतात. फोनवर भजन संपले की त्याच्याशी जुळणारे दुसरे गाणे आपोआप सुरू होते. मोझरीत प्रार्थना संपली की लोक उठून घरी जातात.