२१० चे १६०

पालघरला मुलांच्या एका मार्गदर्शन कार्यक्रमात वक्ते सांगत होते, "मुलाखतीत 'येतं' म्हणून ठोकून द्या, पुढचं पुढे. तारापूरचं अणुवीज केंद्र उभं राहिलं तेव्हा आपल्याला तरी काय येत होतं?" टाळ्या पडल्या. समोरची बरीच मुलं उद्या बोईसरच्या कारखान्यांत बॉयलरवर, रिअ‍ॅक्टरवर उभी राहणार. तिथे खोटं 'येतं' म्हणणं म्हणजे शेजारच्याच्या जिवाशी खेळ. आणि त्यासाठी तारापूरची साक्ष काढावी, याचा मला संताप येतो.

अनुभव नसताना उडी घेणाऱ्यांचं आपल्याला पहिल्यापासून कौतुक. यंत्रांची आरेखनं शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नांगराकडे वळले, छपाईतले फाळके सिनेमाकडे. फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन काम शिकून आले, एवढा भाग मात्र सांगताना गळतो.

तारापूरबाबत तर सगळं उलटंच सांगितलं जातं. होमी भाभा वैश्विक किरणांचे अभ्यासक. ट्रॉम्बेची 'अप्सरा' १९५६ पासून चालू होती, पण ती संशोधनाची अणुभट्टी. म्हणूनच वीजकेंद्र उभारायचं ठरलं तेव्हा भाभांनी बढाई मारली नाही. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकला आख्खं केंद्र उभारून द्यायचं कंत्राट दिलं. पैसे मोजून शिकवणीच लावली. १९६९ मध्ये वीज सुरू झाली, तेव्हा भाभांना जाऊन तीन वर्षं उलटली होती.

खरी कसोटी पुढेच लागली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. सुटे भाग मिळेनात, इंधन १९८० च्या दशकात फ्रान्सकडून आणावं लागलं. त्यातच दुय्यम वाफ तयार करणाऱ्या यंत्रांतल्या नळ्या गळू लागल्या. इंजिनिअरांनी ती यंत्रं बाजूला काढली आणि २१० मेगावॅटचा एकेक संच १६० वर आणला. देशाच्या प्रतिष्ठेचा प्रकल्प, वर विजेची टंचाई; अशा वेळी आकडा खाली आणायला छाती लागते. १६० वर ते संच पुढे कित्येक वर्षं चालले. मधल्या काळात नरोरा, काक्रापार इथे २२० मेगावॅटचे संच हाताखालून गेले, आणि मग २००५ व २००६ मध्ये तारापूरलाच भारतीय आराखड्याचे ५४० चे दोन संच सुरू झाले. (त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांनी घरंदारं सोडली. तारापूरच्या गौरवाच्या भाषणांत त्यांचं नाव यायलाच हवं.)

बोईसरच्या मुलाला यातलं काय सांगायचं? कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा हे ठाऊक नसेल, तर "माहीत नाही, दाखवा" म्हण. पण हातावर पोट असलेला मुलगा असं कसं म्हणेल? नाही म्हटलं की त्याच्या जागी दुसरा उभाच असतो. विचारल्यामुळे कुणाचा खाडा लागणार नाही, काम जाणार नाही, याची हमी कारखान्याने आणि ठेकेदाराने द्यायची असते. मार्गदर्शन करणाऱ्यांनी पुढचं भाषण त्यांच्यासमोर करावं.