गिल्बर्ट स्कॉटचा जीर्णोद्धार

मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधले दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे करणारा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलाच नाही. मुंबईत त्याची ओळख या दोन वास्तूंपुरती आहे. एकंदरीत मात्र त्याने बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या वास्तूंची संख्या आठशेच्या पुढे जाते आणि त्यांत बहुसंख्य चर्च आहेत. जुन्या इमारती वाचवण्यात त्याने उभे आयुष्य घातले, आणि त्याच्याच हातांपासून त्या वाचवण्यासाठी इंग्लंडमध्ये एक संस्था निघाली. ती आजही काम करते. हे असे का झाले, हा प्रश्न मला स्कॉटच्या सगळ्या कीर्तीपेक्षा मोलाचा वाटतो.

स्कॉटचा जन्म 1811चा, बकिंगहॅमशायरमधल्या गॉकट गावचा. वडील पाद्री, आजोबा बायबलचे नामांकित भाष्यकार. लंडनमध्ये उमेदवारी झाली, वडील वारले आणि पोटापाण्याची निकड उभी राहिली. 1834च्या नव्या कायद्याने गावोगाव गरिबांसाठी वर्कहाउस उभारली जात होती. विल्यम मॉफट या भागीदारासोबत त्याने ती डझनावारी बांधली. पुढे वास्तुविशारद प्युजिनचे लेखन हाती पडले आणि मध्ययुगीन गॉथिक हीच खरी ख्रिस्ती वास्तुशैली, या विचाराने तो झपाटला. हॅम्बुर्गच्या सेंट निकोलस चर्चच्या स्पर्धेत त्याचा आराखडा निवडला गेला. त्या चर्चचा 147 मीटरचा मनोरा 1874मध्ये पुरा झाला, तेव्हा जगात त्याहून उंच इमारत नव्हती.

पण त्याचा खरा व्याप जुन्या चर्चचा होता. अनेक चर्चची छपरे गळत होती, भिंती कलल्या होत्या, खांबांना सज्जे आणि पेटीवजा बाके ठोकलेली होती. कारखानदारीतून पैसा येत होता, धर्माची नवी लाट आली होती आणि प्रत्येक गावाला आपले चर्च नीट करून हवे होते.

या कामात स्कॉट किती बारकाईने पाहू शकत असे, हे वेस्टमिन्स्टर ॲबीच्या चॅप्टर हाउसमध्ये दिसते. हे तेराव्या शतकातले, मठवासीयांच्या सभेचे अष्टकोनी दालन. सरकारी दप्तर ठेवण्यासाठी ते वापरले गेले आणि अठराव्या शतकात त्याचे दगडी छतही उतरवले गेले. दप्तर हलल्यावर 1866 ते 1872 या काळात स्कॉटने त्याचे काम केले. जमिनीवरच्या लाकडी फळ्यांखाली तेराव्या शतकातल्या नक्षीदार फरश्या जवळपास शाबूत निघाल्या. इतकी वर्षे त्या फळ्यांनीच त्यांना जपले होते. बुजवलेल्या खिडक्यांत मूळ घडीव दगडांचे तुकडे सापडले. त्या तुकड्यांवरून त्याने खिडक्या पुन्हा जुळवल्या. इथे गवंड्याचा हात पुराव्याच्या मागून चालला आहे.

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलमध्ये मात्र उलटे झाले. पूर्वेच्या भिंतीतली चौदाव्या शतकातली मोठी खिडकी त्याने काढली आणि तिथे बाराव्या शतकात असावी तशी रचना उभी केली. ती सुंदर आहे, पण बरीचशी तर्काने रचलेली आहे. पाचशे वर्षे उभी असलेली खरी खिडकी एका अंदाजासाठी गेली.

या माणसाला तत्त्व ठाऊक नव्हते, असे म्हणायला जागा नाही. जुन्या चर्चचा जीर्णोद्धार प्रामाणिकपणे व्हावा, असे आवाहन करणारे पुस्तक त्याने 1850मध्ये लिहिले. 1862मध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेपुढे निबंध वाचून त्याने अति-दुरुस्तीवर टीका केली. मग घोडे पेंड कुठे खाते? मला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे कामाचा डोंगर. एका स्टेशनवर उतरून त्याने आपल्याच कचेरीला तार केली, ‘मी इथे कशासाठी आलोय?’ अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, इतक्या कामांतल्या प्रत्येक चिऱ्यापाशी थांबणे कोणालाही शक्य नव्हते. दुसरे कारण जास्त खोल आहे. चर्चची एक शुद्ध मध्ययुगीन अवस्था असते, अशी त्याची श्रद्धा होती. मग पुढच्या शतकांनी घातलेली भर त्याला आक्रमण वाटायची.

मार्च 1877मध्ये ट्यूक्सबरी ॲबीच्या स्कॉटने योजलेल्या कामावरून कवी आणि रचनाकार विल्यम मॉरिसने नियतकालिकात जाहीर पत्र लिहिले आणि त्याच महिन्यात प्राचीन वास्तूंच्या रक्षणाची संस्था स्थापन झाली. मॉरिसचे म्हणणे साधे होते: रोजची निगा राखा, छप्पर गळू देऊ नका, पण काळाने घातलेले थर खरवडू नका. पुढच्याच वर्षी, 27 मार्च 1878 रोजी, स्कॉट वारला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीतच पुरले.

तत्त्वाच्या बाजूने मी मॉरिससोबत आहे. तरीही सेंट ऑल्बन्स ॲबीचा मध्ययुगीन मनोरा ढासळू लागला तेव्हा त्याला आधार देऊन सावरणारा स्कॉटच होता, हे विसरून निकाल देणे अन्याय ठरेल.

मुंबईतले त्याचे काम या वादापासून मोकळे आहे, कारण इथे खरवडायला जुने काही नव्हते. लंडनहून आराखडे आले आणि इथल्या अभियंत्यांनी, कारागिरांनी ते कुर्ल्याच्या दगडात उतरवले. सभागृहाला कावसजी जहांगीर रेडीमनींनी, तर ग्रंथालय आणि मनोऱ्याला प्रेमचंद रायचंदांनी पैसा दिला. मनोऱ्याचे नाव प्रेमचंदांच्या आईचे. तो 1878च्या नोव्हेंबरमध्ये पुरा झाला, स्कॉट गेल्यावर आठ महिन्यांनी. 2018पासून हा सारा परिसर जागतिक वारशात गणला जातो. म्हणजे ज्याने इतरांच्या इमारती दुरुस्त केल्या, त्याच्याच इमारतीची दुरुस्ती आता आपल्या हाती आली आहे.

आणि केवळ त्याच्याच नव्हे. आपल्याकडे काळ्या दगडाच्या देवळांना ऑइलपेंट फासला जातो, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स बसतात, आणि हे सारे भक्तीपोटीच होते, स्कॉटच्या हातून झाले तसेच. म्हणून जीर्णोद्धाराच्या वर्गणीची पावती फाडण्याआधी विश्वस्तांना विचारा: जुन्यातले नेमके काय ठेवणार आहात, काय काढणार आहात, आणि काढण्यापूर्वी त्याची मोजमापे व छायाचित्रे कोण घेणार आहे? उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.